यहोशवाचं पुस्तक म्हणजे सातबारा नव्हे

आमच्या घरच्या बायबलच्या अगदी शेवटी एक रंगीत नकाशा होता. कनान देशाचे, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या भागाचे वाटे, इस्राएलच्या प्रत्येक वंशाला एक रंग, यहूदाचा मोठा पिवळा पट्टा, बन्यामीनचा मधला एवढासा तुकडा, आणि सगळ्यांच्या शिवा अशा आखलेल्या की जणू कालच मोजणीवाले येऊन गेलेत. संडे स्कूलमध्ये आम्ही यहोशवाच्या पुस्तकातला यरीहो शहर जिंकण्याचा खेळ खेळायचो. पुठ्ठ्याच्या खोक्यांची भिंत, तिच्याभोवती फेऱ्या, सातवी फेरी झाली की आरोळी ठोकायची आणि भिंत पाडायची. भिंतीच्या आतल्या माणसांचं काय झालं हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. कॉलेजात असताना तो अध्याय स्वतः सलग वाचला तेव्हा कळलं की पुरुष, बायका, तरुण, म्हातारे, बैल, मेंढरं, गाढवं, सगळं तलवारीने मारलं, वाचली ती यहोशवाच्या हेरांना लपवणारी राहाब आणि तिचं घर. त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न अजून माझ्या मागे आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून बायबलमधलं हे पुस्तक, म्हणजे मोशेनंतर यहोशवाने इस्राएलला कनान कसा मिळवून दिला त्याची गोष्ट, पुन्हा लोकांच्या तोंडात आलंय. ७ ऑक्टोबरला हमासने केलेल्या भयंकर कत्तलीनंतर त्याच महिन्याच्या शेवटी इस्राएलच्या पंतप्रधानांनी भाषणात अमालेकची आठवण काढली, म्हणजे ज्याला समूळ मिटवायची आज्ञा शास्त्रात आहे तो शत्रू. पुढे दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो अर्ज केला त्यात हे वाक्य पुरावा म्हणून दिलं, आणि पंतप्रधानांच्या कार्यालयाने सांगितलं की तो उल्लेख हमासबद्दल होता, पॅलेस्टिनी जनतेबद्दल नव्हता. या वादात दोन बाजूंची माणसं मला सारखी भेटतात. एक म्हणतात देवाने जमीन दिली, लिहून ठेवलंय, विषय संपला. दुसरे म्हणतात हे सगळं रचलेलं आहे, असे कोणी लोक तिथे नव्हतेच. दोघांनीही ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की शास्त्र नीट वाचलं आणि जमिनीत जे सापडलंय तेही पाहिलं तर इस्राएलच्या वंशांचं त्या देशात वसणं ही हळूहळू झालेली, मिसळत झालेली, अर्धवट राहिलेली गोष्ट आहे, आणि म्हणून यहोशवाचं पुस्तक कोणाच्याही हातात मालकीचा उतारा म्हणून देता येत नाही.

आधी पुस्तकाचंच बघू. यहोशवाच्या ११व्या अध्यायाच्या शेवटी लिहिलंय की त्याने सगळा देश घेतला आणि देशाला लढाईपासून विसावा मिळाला. पान उलटा, १३व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात देव त्याला म्हणतो, तू म्हातारा झालास आणि पुष्कळ मुलूख ताब्यात यायचा राहिलाय. पुढचं पुस्तक शास्ते, त्याचा पहिलाच अध्याय म्हणजे कोणाकोणाला घालवता आलं नाही याची यादी. मनश्शे वंशाला बेथ-शान, तानख, दोर, मगिद्दो इथल्या लोकांना काढता आलं नाही. एफ्राईमला गेजेरच्या कनान्यांना काढता आलं नाही, ते यांच्यात राहिले. आशेरपाशी आलं की वाक्यच उलटं होतं, कनानी आशेरात राहिले असं म्हणत नाही, आशेर वंशाचे लोक कनान्यांमध्ये राहिले असं म्हणतं, म्हणजे कोण घरचं आणि कोण बाहेरचं हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं. दानच्या लोकांना तर अमोऱ्यांनी डोंगरातच कोंडलं, खाली खोऱ्यात उतरूच दिलं नाही. आणि यहूदा? परमेश्वर त्याच्याबरोबर होता, त्याने डोंगराळ भाग घेतला, पण सपाटीवरच्या लोकांना हाकलता आलं नाही कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते. इतकं प्रामाणिक वाक्य मला दुसऱ्या कुठल्या विजयगाथेत आठवत नाही.

यहोशवाच्या १७व्या अध्यायात तर भांडणच आहे. योसेफाच्या घराण्याचे लोक येऊन तक्रार करतात, आम्ही संख्येने जास्त आणि आम्हाला एकच वाटा का, डोंगर पुरत नाही आणि खाली रथवाले आहेत. त्यावर यहोशवा म्हणतो, रानात चढा, झाडं तोडा, जागा साफ करा. ही वसाहतीची खरी भाषा आहे, कुऱ्हाडीची आणि घामाची, आणि ती त्याच पुस्तकात आहे ज्यात भिंती नुसत्या आवाजाने पडतात.

आता जमीन काय म्हणते. यरीहोत १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँगना पडलेल्या भिंती सापडल्या तेव्हा जगभरच्या चर्चमध्ये आनंद झाला, पण १९५२ ते १९५८ मध्ये कॅथलीन केन्यन यांनी जास्त काळजीने खणलं तेव्हा त्या भिंती यहोशवाच्या कितीतरी शतकं आधीच्या निघाल्या. शहर इ.स.पू. १५५० च्या सुमाराला जळलं होतं आणि ज्या काळात यहोशवा यायला हवा, इ.स.पू. १३व्या शतकात, तिथे तटबंदीचं शहरच नव्हतं. यरीहोनंतर यहोशवाने घेतलेल्या आय या गावाचं तर नावच अवशेष किंवा ढिगारा या अर्थाचं आणि ते गाव त्या काळात आधीच हजारेक वर्षं ओसाड पडलेलं. हासोर मात्र खरोखर जळालं, इ.स.पू. १३व्या शतकातच, राखेचा जाड थर आहे, मूर्तींची डोकी आणि हात तोडलेले आहेत. कोणी जाळलं यावर अजून वाद आहेत. आणि लक्षात घ्या, यहोशवाचं पुस्तक स्वतःच सांगतं की टेकाडांवर वसलेल्या उत्तरेकडच्या शहरांपैकी हासोर सोडून एकही जाळलं नाही. अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती म्हणजे त्या काळात कनान मिसरच्या ताब्यात होता. बेथ-शानला मिसरी सैन्याचं ठाणं इ.स.पू. १२व्या शतकापर्यंत होतं. फारोच्या तावडीतून सुटलेले लोक फारोच्याच मुलखात येऊन वसले असं होतं, आणि पुस्तकात त्याचा शब्द नाही.

माझं मत खरं पक्कं झालं ते मात्र एका दगडामुळे. १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना थीब्जमध्ये फारो मर्नप्ताहचा एक शिलालेख सापडला, साधारण इ.स.पू. १२०८ चा. त्यात कनानातल्या शहरांची नावं आहेत आणि मग इस्राएल, आणि त्या शब्दाला लावलेली खूण देशाची नाही, लोकांच्या समूहाची आहे. इस्राएल हे नाव बायबलबाहेर पहिल्यांदा भेटतं ते इथे. आणि काय लिहिलंय? इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही. पुढे इ.स.पू. ९व्या शतकात मवाबचा राजा मेशा आपल्या दगडावर लिहितो की इस्राएल कायमचा नष्ट झाला, आणि नबो गाव घेऊन तिथले सात हजार जण मारले, आपल्या देवासाठी त्यांचा हेरेम केला, म्हणजे देवाला वाहून समूळ संहार. हा हेरेम शब्द तोच, यहोशवाच्या पुस्तकात यरीहोसाठी वापरलेला. म्हणजे शेजारचा राजा इस्राएलबद्दल तेच बोलतोय जे इस्राएल कनान्यांबद्दल बोलतो. दोन्ही दगडांवर इस्राएल संपलाय आणि दोन्ही वेळा इस्राएल जिवंत होता, शेती करत होता, पोरं वाढवत होता. त्या काळी राजे असंच बोलायचे, जिंकलं की एकही उरला नाही म्हणायचं. मग मर्नप्ताहचं वाक्य आपण बढाई म्हणून वाचतो तर यहोशवातलं एकही श्वास घेणारा उरला नाही हे वाक्य जसंच्या तसं का वाचायचं? विशेषतः पुढच्याच पुस्तकात ते सगळे लोक जिवंत असताना.

बरेच अभ्यासक मानतात की या पुस्तकाला आजचं रूप आलं ते बरंच नंतर, इ.स.पू. ७व्या शतकात राजा योशीयाच्या आसपास. तोपर्यंत इस्राएलचं उत्तरेचं राज्य अश्शूरने गिळलं होतं, लोकांना कैद करून नेलं होतं, यहूदाचं छोटंसं राज्य भीतीत जगत होतं. असे दबलेले लोक आपल्या पूर्वजांची मोठ्या विजयाची कथा लिहितात यात मला आश्चर्य वाटत नाही, मला त्यांच्याबद्दल कळवळाच वाटतो. अडचण होते ती दबलेल्यांची कथा बंदूकवाल्यांच्या हातात पडते तेव्हा. न्यू इंग्लंडमध्ये कॉटन मॅथर या पाद्र्याने १७व्या शतकाच्या शेवटी तिथल्या मूळ रहिवाशांना अमालेक म्हटलं. दक्षिण आफ्रिकेत बोअर लोक स्वतःला वचनदत्त देशाकडे निघालेले इस्राएल समजत होते, १६ डिसेंबर १८३८ ला त्यांनी झुलूंची हजारोंनी कत्तल केली आणि तो दिवस पुढे दीडशेहून जास्त वर्षं देवाशी केलेल्या नवसाचा म्हणून पाळला. यातल्या कोणाचाही यहोशवाशी काही संबंध नव्हता. पुस्तक तेवढं हाताशी होतं.

मग ते वंश आले कुठून? १९६७ नंतर इस्राएली पुरातत्त्वज्ञांनी मधल्या डोंगराळ पट्ट्याचा पायी फिरून सर्व्हे केला. हे होऊ शकलं कारण तो भाग, म्हणजे वेस्ट बँक, युद्धात त्यांच्या ताब्यात आला होता, आणि हेही विसरू नये. इस्राएल फिंकेलस्टाईन यांनी १९८८ मध्ये तो सगळा माल एकत्र मांडला. दिसलं असं की इ.स.पू. १२०० च्या आधी त्या डोंगरात जेमतेम काही वस्त्या होत्या आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत अडीचशेच्या आसपास झाल्या. छोटी छोटी खेडी, बऱ्याच ठिकाणी तटबंदी नाही, राजवाडा नाही, बाहेरून आलेली भारी भांडी नाहीत. धान्यासाठी जमिनीत पेवं, पावसाच्या पाण्यासाठी दगडात कोरलेली टाकी, गळ्याशी कडं असलेले मोठे रांजण, आणि खांबांवर उभी घरं ज्यात एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला गुरं. डुकराची हाडं जवळजवळ नाहीत, जी खाली किनाऱ्यावर पलिष्ट्यांच्या शहरांत भरपूर सापडतात. आणि मडक्यांची घडण? कनान्यांचीच. लिपी कनान्यांची, भाषा कनान्यांच्या भाषेची सख्खी बहीण. खाली सपाटीवरची जुनी शहरं कोसळत होती, मिसरचा हात सुटत होता, आणि माणसं डोंगरात चढून नव्याने जगत होती. त्यात धनगर होते, पळून आलेली कुळं असतील, आणि दक्षिणेकडून यहोवा देवाचं नाव आणि मिसरमधून सुटकेची आठवण घेऊन आलेली एखादी टोळीही असेल, मला ते शक्य वाटतं, एवढी खोल आठवण हवेतून येत नाही. पण मोठा भाग तिथल्याच मातीतला होता.

म्हणून जे म्हणतात की हे लोक तिथले नव्हतेच त्यांचंही मला अजिबात पटत नाही. बत्तीसशे वर्षांपूर्वी फारोला ज्यांचं नाव दगडावर कोरावं लागलं ते लोक काल्पनिक कसे? सलाफहादच्या पाच मुलींची गोष्ट घ्या, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नाही म्हणून त्या मोशेपुढे उभ्या राहून वतन मागतात आणि त्यांना मिळतं. गोष्ट वाटते ना? पण १९१० मध्ये उत्तरेच्या राज्याची राजधानी असलेल्या शोमरोनला राजवाड्याच्या परिसरात खापरांवर लिहिलेल्या पावत्या सापडल्या, कुठून किती दारू आली, किती तेल आलं, साधारण इ.स.पू. ८व्या शतकातल्या, आणि त्यात नोआ आणि होग्ला ही मनश्शेच्या भागातल्या गावकुळांची नावं निघाली. वंशावळ म्हणजे गावांचा नकाशाच होता. एवढी मुळं ज्यांची त्या जमिनीत आहेत त्यांना उपरे म्हणणं हा खोटेपणा आहे, आणि त्यांची मुळं आहेत म्हणून दुसऱ्याची उपटायची हाही खोटेपणाच आहे.

खुद्द इस्राएलमध्ये हा वाद किती जिव्हाळ्याचा आहे हे आपल्याकडे फारसं माहीत नाही. पुढे इस्राएलचे पहिले पंतप्रधान झालेले बेन-गुरियन यांनी १९३७ मध्ये ब्रिटिशांच्या पील आयोगापुढे सांगितलं होतं की बायबल हीच आमची सनद आहे. तेच बेन-गुरियन पंतप्रधान असताना १९५८ मध्ये स्वतःच्या घरी यहोशवाच्या पुस्तकाचं अभ्यासमंडळ भरवत होते, आणि १९६० मध्ये त्यांनी जाहीरपणे मांडलं की मिसरमधून सहा लाख नाही, सहाशेच निघाले असावेत आणि बाकीचे हिब्रू कनानातच होते, तर त्यावरून संसदेत अविश्वासाचा ठराव आला. हासोर खणणारे यिगाएल यादिन आधी लष्करप्रमुख होते, ते म्हणायचे जिंकूनच घेतलं, आणि त्यांच्याच चमूतले योहानान आहारोनी म्हणायचे नाही, हळूहळू वसले. १९९९ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञ झेव हर्झोग यांनी हाआरेत्झ या दैनिकात लिहिलं की यहोशवाची स्वारी झालीच नाही, तर केवढा गदारोळ उठला. ज्या देशात हे छापून येतं त्या देशाबद्दल मला आदर आहे, आणि त्याच देशात त्याच डोंगरांवर आज पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची जैतुनाची झाडं तोडली जातात याचं दुःख आहे. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

शास्तेमधला एक प्रसंग तर मला वाटतं प्रत्येक चर्चमध्ये मोठ्याने वाचायला हवा. कोंडलेले दानवंशीय सहाशे हत्यारबंद लोक घेऊन उत्तरेला लईश नावाच्या गावावर जातात. ते लोक शांत, निर्धास्त होते, सीदोन शहर लांब होतं आणि त्यांना सोडवणारं कोणी नव्हतं. त्यांना मारून गाव जाळलं आणि त्याला दान नाव दिलं. वाटेत याच लोकांनी एका घरातली मूर्ती आणि पुरोहित दोन्ही उचलून नेले. लिहिणाऱ्याने इथे देवाने गाव हाती दिलं असं स्वतःच्या तोंडाने कुठेच म्हटलेलं नाही, ते म्हणतात ते हेर. तो फक्त सांगतो की ते लोक शांत होते, आणि दोनदा सांगतो. त्याच पुस्तकात पुढे बन्यामीन वंशाशीच बाकीच्यांची लढाई होते आणि एक अख्खा वंश संपायला येतो. त्याआधी गिलादी लोक यार्देनेच्या उतारावर एफ्राईमवाल्यांना पकडून शिब्बोलेथ म्हणायला लावतात, आणि सिब्बोलेथ म्हणाला की तिथेच ठार. आपलेच भाऊबंद, फरक एका अक्षराच्या उच्चाराचा.

हा उच्चाराचा प्रसंग वाचला की मला आपले बेने इस्रायल आठवतात. अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली ही त्यांची परंपरा, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली, मराठी बोलणारे, मराठीत अब्राहामाची कीर्तनं करणारे, आणि नावातच इस्राएलची लेकरं. ते इस्राएलला गेले तेव्हा १९६० नंतर तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने लग्नांच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी मागितली, तुम्ही खरेच ज्यू का? लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत. शेकडो वर्षं कोकणात राहताना त्यांनी कोणाचं गाव जाळलं नाही, कोणी त्यांचं जाळलं नाही. वतन वाडवडिलांकडून आलं आणि शेजार माणसांनी जपला, असंही होऊ शकतं, आपल्याच किनाऱ्यावर झालंय.

आणि जमिनीबद्दल शास्त्राला खरोखर काय म्हणायचंय हे पाहायचं तर लढायांपेक्षा कायद्यात बघा. चिठ्ठ्या टाकून वाटणी, मोठ्या वंशाला मोठा वाटा, लेवींना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला, जमीनच नाही. शेजाऱ्याची शीव सरकवणाऱ्याला शाप, म्हणजे बांध कोरणारे तेव्हाही होतेच. पन्नासाव्या योबेल वर्षी विकलेली जमीन मूळ घराला परत. आणि लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात देव स्पष्ट म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे आहात. हे तो कनान्यांना सांगत नाही, इस्राएलला सांगतो. मालकाच्या रकान्यात इस्राएलचं नाव लागतच नाही, लागलं तर कुळाच्या रकान्यात लागतं. राजा अहाबाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता आणि तो देईना म्हणून राणी ईजबेलीने त्याच्यावर खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार केला, तेव्हा एलीया संदेष्टा राजाच्या तोंडावर विचारतो, खून केलास आणि वर वतनही घेतलंस? ज्यांना शास्त्रातून जमिनीचा हक्क काढायचाय त्यांनी हा प्रश्नही सोबत घ्यावा.

यरुशलेमचं काय झालं ते सांगतो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात समूळ नष्ट करायच्या सात राष्ट्रांची नावं आहेत, शेवटचं नाव यबूसी. शास्ते म्हणतं की बन्यामीनने यबूस्यांना घालवलं नाही आणि ते आजपर्यंत यरुशलेमात त्यांच्यासोबत राहतात. पुढे दावीद शहर घेतो, राजा होतो, म्हातारा होतो, देशात मरी येते आणि त्याला वेदी बांधायला जागा हवी असते. ती जागा एका खळ्याची असते, मालकाचं नाव अरवना, यबूसी. शहर जिंकलेल्या राजापुढे तो माणूस वाकून म्हणतो घ्या महाराज, बैल घ्या, लाकडं घ्या, फुकट घ्या. दावीद म्हणतो नाही, किंमत देऊनच घेईन, आणि पन्नास शेकेल वजनाची चांदी मोजतो. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे शलमोनाने मंदिर बांधलं ते त्याच खळ्यावर.

दावीद यरुशलेमचा राजा होऊन कित्येक वर्षं झाली होती. खळं अजून यबूस्याच्याच नावावर होतं.